तीन नावांची सूट

आमचे हायस्कूल कोल्हापुरातील एका धार्मिक अल्पसंख्याक संस्थेचे आहे आणि मी त्या समाजाची नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट मला कोणी जाणवू दिली नव्हती. ३१ मे २०२४ रोजी मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक दोघेही एकाच दिवशी निवृत्त झाले. (एक जून ही जन्मतारीख लावून घेतलेल्या पिढीमुळे शाळांमध्ये हे नेहमीच घडते.) सेवाज्येष्ठता यादीत माझे नाव पहिले होते. शाळा उघडण्याच्या आधीच यादीतील चौथ्या क्रमांकाचे शिक्षक मुख्याध्यापक झाले आणि सहाव्या क्रमांकाच्या बाई पर्यवेक्षक झाल्या. दोघेही संस्थेच्या समाजातील होते. मी सचिवांना भेटले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाई, संस्था समाजाची आहे. हा अधिकार आम्हाला घटनेने दिला आहे.”

वकीलसाहेबांकडे जाताना मी चार पानांची तक्रार लिहून नेली होती आणि तिच्यात ‘धार्मिक भेदभाव’ हे शब्द जागोजागी होते. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. संविधानाचा सोळावा अनुच्छेद धर्मावरून भेद करण्यास मनाई करतो, पण ती मनाई सरकारी नोकरीपुरती आहे. खासगी मालकाने धर्म पाहून नेमणूक करू नये असे सरसकट सांगणारा कायदा आपल्याकडे नाही, आणि त्याच अनुच्छेदाच्या पाचव्या उपखंडात धार्मिक संस्थेच्या कारभाराशी निगडित पद त्या धर्माच्याच व्यक्तीकडे असावे असा कायदा करण्याची मोकळीकही ठेवलेली आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने शाहू महाराजांनी संस्थानातील निम्म्या रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तो आदेशही दरबारच्याच नोकऱ्यांबद्दल होता, याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

आमच्या कामाचा कायदा वेगळाच होता, तो म्हणजे १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्र अधिनियम. त्याच्या कलम ३ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या भरतीला हा कायदा लागू होत नाही, तसेच ज्यांची नावे व्यवस्थापनाने शिक्षण संचालकांना किंवा उपसंचालकांना कळवली आहेत अशा, तीनपेक्षा जास्त नसलेल्या, इतर व्यक्तींच्या भरतीलाही तो लागू होत नाही. सूट भरतीपुरती आहे. बडतर्फी किंवा पदावनती यांचे नियम अशा शाळेलाही पाळावे लागतात. वकीलसाहेबांनी स्पष्ट सांगितले की मुख्याध्यापकपदाचा मुद्दा मी सोडून द्यावा, कारण १९९८ मध्ये केरळातील एका शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला बाजूला ठेवून स्वतःच्या पसंतीचा मुख्याध्यापक नेमण्याचा अल्पसंख्याक व्यवस्थापनाचा अधिकार मान्य केला आहे. ज्या पदासाठी मी भांडायला निघाले होते तेच सोडायचे, हे पचायला मला दोन दिवस लागले. मात्र शांतपणे विचार केल्यावर ते मला अन्यायाचेही वाटले नाही. ज्यांनी आपल्या समाजासाठी शाळा उभी केली, त्यांना तिचा प्रमुख आपला असावा असे वाटले तर मी त्यांना काय सांगणार?

उरला प्रश्न पर्यवेक्षकपदाचा, आणि तो एका कागदावर अडला होता. नव्या पर्यवेक्षक बाईंचे नाव त्या तिघांत कळवलेले होते का? शाळेतले कोणी सांगेना. मी शिक्षण उपसंचालक कार्यालयात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. पण उत्तर देण्यास त्यांना तीस दिवसांची मुदत, आणि डावलले गेल्याबद्दल शाळा न्यायाधिकरणात कलम ९ खाली अपील करण्यास मलाही तीसच दिवसांची. उत्तराची वाट पाहिली असती तर अपील मुदतबाह्य झाले असते आणि विलंब माफीचा वेगळा अर्ज करावा लागला असता. म्हणून नाव कळवलेले नाही असे गृहीत धरून आम्ही सव्विसाव्या दिवशी अपील दाखल केले. शाळेच्या फलकावर दरवर्षी लागणारी ज्येष्ठता यादी, त्यावरच्या सर्वांच्या सह्यांसह, मी झेरॉक्स काढून ठेवत आले होते. घरातले त्यावरून माझी चेष्टा करीत, पण त्या सह्यांमुळे माझ्या ज्येष्ठतेबद्दल संस्थेला वाद घालता आला नाही.

माहिती अधिकाराचे उत्तर चौतिसाव्या दिवशी आले. संस्थेने दोनच नावे कळवलेली होती, एक केव्हाच निवृत्त झालेल्या लिपिकाचे आणि दुसरे एका सहशिक्षकाचे. पुढे संस्थेने तिसरे नाव कळवल्याचे पत्र हजर केले, त्यावरची तारीख माझे अपील दाखल झाल्यानंतरची होती. अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो; मला सोळा महिने लागले, आणि त्यातल्या बहुतेक तारखा केवळ पुढची तारीख घेण्यात गेल्या. दर तारखेला किरकोळ रजा टाकायची आणि ती मंजूर करायची नव्या मुख्याध्यापकांनी. त्यांनी एकदाही अडवली नाही, हेही येथे नोंदवते.

नेमणुकीनंतर कळवलेल्या नावाने नेमणुकीला सूट मिळत नाही, असे सांगून न्यायाधिकरणाने माझे अपील मान्य केले. त्यावर पुन्हा अपील नाही, फक्त उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाल्यामुळे संस्थेला त्यासाठी मुंबई गाठण्याचीही गरज नव्हती, तरी ती गेली नाही. सहा आठवड्यांनी मी पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले.

ज्या बाईंना पद सोडावे लागले त्यांनी ते मागितलेही नव्हते. त्या आता पुन्हा सहशिक्षिका आहेत आणि त्यांच्या तासिकांचे वेळापत्रक मी लावते. पहिल्याच आठवड्यात त्यांना सलग चार तास आले. ते माझ्या हातून चुकून झाले होते, पण चुकून झाले हे त्यांना पटावे असे माझ्याजवळ काही नव्हते. म्हणून मी ते वेळापत्रक त्याच संध्याकाळी घरी नेले आणि सकाळी प्रार्थनेआधी बदलून लावले.