सोनेगाव ते सॅन फ्रान्सिस्को, व्हाया दोरा

आमच्या नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल असं कोरलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्को अर्थातच नाही. म्हणून तिथे लेकीकडे जायचं ठरल्यावर तिचाच शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला आणि शिवणाचा दोरा घेतला. एक टोक दिल्लीवर, दुसरं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. ताणला तर दोरा सरळ वर चढला आणि उत्तर ध्रुवाच्या बाजूने पलीकडे उतरला! हे सगळ्यात जवळचं अंतर सुमारे 12,400 किलोमीटर भरतं.

आईला आकड्यांशी घेणंदेणं नव्हतं. "किती तास बसायचं ते सांग."

"साडेपंधरा. जीटी एक्सप्रेसनं दिल्लीला जायला लागतात जवळपास तेवढेच."

"मंग काय दूर आहे बाप्पा," म्हणाली आणि संत्रा बर्फीचा आणखी एक डबा बॅगेत कोंबला.

मे महिना. सोनेगाव विमानतळावरून रात्री साडेआठला निघालो. दिल्ली हवेतून साडेआठशे किलोमीटर, पावणेदोन तास. मग तिथल्या खुर्च्यांवर पहाटे 4 पर्यंत बैठक. अख्ख्या प्रवासात पाठ दुखली ती इथे.

मोठं विमान उडाल्यावर मी समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावला आणि माझ्या दोऱ्याची वाट शोधू लागलो. पण विमान ध्रुवाकडे वळेचना. ते आपलं पूर्वेला चीन, जपान करत पॅसिफिकवर निघालं. एवढा वळसा कशाला? उत्तर स्क्रीनच्या कोपऱ्यात होतं. विमान एरवी ताशी नऊशेच्या आसपास जातं, इथे आकडा 1,080 वर गेलेला. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो, जेट स्ट्रीम. तो पाठीशी असला की वरचा वेग फुकटात मिळतो. सायकलवर वारा पाठीमागून असला की पायडल कसं हलकं होतं, तसंच.

2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फेरी अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली, तेव्हा 13,900 किलोमीटरची वाट 15,300 ची झाली. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा लवकर. पेट्रोल वाचवायला नागपुरातल्या बर्डी भागातून शॉर्टकट मारणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला. परतीच्या तिकिटावर मात्र साडेसोळा तास आहेत. तेव्हा वाऱ्याशी गाठ.

मध्येच कधीतरी डेटलाइन, म्हणजे तारीख बदलणारी रेषा, ओलांडली. खिडकी गडद केलेली, बाहेर उणे पन्नाशी, शेजारचे काका घोरत होते. तारीख मागे गेल्याचं कुणाला कळलंही नाही. नागपुरात 45 डिग्री सोसून निघालेला मी दोन पांघरुणांत होतो.

पहाटे 4 ला दिल्ली सोडली आणि त्याच तारखेला सकाळी 7 ला उतरलो. घड्याळानुसार तीन तासांत अमेरिका! भारतातलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेबारा तास पुढे, त्याची ही करामत. घरून निघाल्यापासून मोजलं तर पंचवीस तासांवर गेले होते, त्यातले हवेत फक्त सव्वासतरा.

कस्टमवाल्यानं बर्फीचा डबा उघडून पाहिला, हुंगला आणि परत दिला. बाहेर आल्यावर आईला फोन लावला.

"पोचलो. आता नाश्ता करतो."

"नाश्ता? इथं रात्रीची जेवणं झाली. येवढा वेळ होता कुठं तू?"