हिकिते, घामट मनगटं आणि पुलाचा जिना : पाच महिन्यांची नोंद

जूनमध्ये ठरवलं होतं, कराटेत सहा महिने पॉइंट कुमिते (गुणांसाठीची स्पर्धेची लढत) बंद. फक्त काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि त्यातलं बुंकाई (त्या हालचालींचा लढतीतला अर्थ), तेही अंगाला अंग लागेल इतक्या जवळून. पाच महिने झाले, वही भरत आली, म्हणून त्यातलं कामाचं तेवढं उतरवतोय. माझी माहिती थोडक्यात : शोतोकान शैलीचं कराटे, ब्लॅक बेल्ट, वय ४३, उजवा गुडघा कुरकुरतो.

सुरुवात दादरच्या पुलावर झाली. मे महिना, संध्याकाळची गर्दी, माझी सॅक एकाला लागली आणि त्याने जिन्यातच माझी कॉलर धरली. झालं काहीच नाही. दोन शिव्या त्याच्या, एक "सॉरी" माझं, आणि मागून कुणीतरी "चला ना भाऊ, गाडी चुकेल" म्हणालं. पण त्या चार-पाच सेकंदांत मला कळून चुकलं की मला जे काही येतं त्याला निदान दोन पावलांची मोकळी जागा लागते. मा-आई (दोघांमधलं योग्य अंतर), मा-आई म्हणत आयुष्य गेलं, आणि इथे समोरच्याच्या तोंडाचा गुटख्याचा वास येत होता. मागे सरकावं तर मागे भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी.

जून. जोडीदार मिळाली ती आमच्याच क्लासमधली ब्राऊन बेल्ट. हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, रात्रपाळ्या करते, वॉर्डात पेशंटचे नातेवाईक अंगावर येतात तेव्हा काय होतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पहिल्याच दिवशी म्हणाली, "दादा, लांबून ओई-झुकी (पाऊल पुढे टाकून ठोसा) मारत कोण येतं? आधी हात धरतात, मग ढकलतात, मग मारतात." आम्ही तोच क्रम धरला. हेइयान शोदान या सुरुवातीच्या कात्याची चौथी हालचाल आठवा : उजवा गेदान बराई (खाली अडवणं) झाला, पुढचा पाय मागे घेत हात स्वतःकडे ओढायचा आणि वरून तेत्सुई. आपण सगळ्यांनी ती पांढऱ्या पट्ट्याला केली आणि विसरलो. धरलेलं मनगट सोडवणं आणि लगेच मुठीची खालची बाजू हाणणं, एवढा सरळ अर्थ आहे. फक्त हाताने ओढलं तर सुटत नाही. पाय मागे येतो तेव्हा अख्खं अंग ओढतं आणि मग सुटतं. कात्यात पाय का मागे येतो, हे मला अठरा वर्षांनी समजलं.

जुलै. पाऊस. गच्ची बंद, सोसायटीचा हॉल, पंखे दोन. घामाने मनगटं इतकी निसरडी की धरलेला हात आपोआपच सुटायचा आणि आम्ही उगाच खूश व्हायचो. मग ती पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालून आली. बाही धरली की खेळ बदलतो. याच महिन्यात हिकितेचा, म्हणजे ठोसा मारताना दुसरा हात मागे ओढण्याचा, उलगडा झाला. कमरेशी ओढलेल्या हाताने दुसऱ्या हाताला जोर येतो, असं मला शिकवलं होतं आणि मीही पोरांना तेच शिकवत आलो. आता वाटतं, तो हात रिकामा यायचाच नाही. त्यात समोरच्याचं काहीतरी असायला हवं : मनगट, बाही, कोपर. हातात काही असेल तर तो माणूस तोल जाऊन तुमच्या ठोशावर येतो. नसेल तर तुम्ही स्वतःचं थोबाड उघडं टाकून कमरेची काळजी घेताय.

ऑगस्टचं पान सगळ्यात लाजिरवाणं, म्हणून जरा सविस्तर. सरांनी नवा सराव दिला. समोरचा शिव्या देत, छातीवर ढकलत येणार, कधी मारणार ते सांगणार नाही. हेल्मेट त्याने घातलेलं, ग्लोव्हज मला. पहिल्या फेरीत मी गोठलो. दुसऱ्या फेरीत ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा) सुंदर निघाली, आणि हेल्मेटपासून दोन बोटांवर थांबली. आपोआप. इतक्या वर्षांचं सनडोमे (फटका लागण्याआधी थांबवणं), गुण घेऊन मागे उडी, पंचाकडे नजर. माझ्या गुणाची त्याला काय फिकीर? त्याने मला भिंतीपर्यंत नेलं. तिसऱ्या फेरीत तेच. सर एवढंच म्हणाले, "तू थांबायचा सराव केलास, थांबलास."

याचा अर्थ स्पर्धेचं कराटे खोटं असा नाही. वेळ साधणं आणि पायांची चपळाई मला तिथेच मिळाली. फक्त तिथला प्रश्न वेगळा आहे. टोकियो ऑलिम्पिकचा ७५ किलोवरील गटाचा अंतिम सामना बघा, ७ ऑगस्ट २०२१. सौदीचा तारेग हमेदी आघाडीवर होता, त्याच्या लाथेने इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला, आणि सुवर्णपदक गंजजादेला मिळालं, कारण लाथ ताब्याबाहेरची ठरली. खेळाच्या नियमांनी हे बरोबरच आहे. ओकिनावाचे जुने कराटेगुरू आंको इतोसुंनी मात्र १९०८ च्या पत्रात लिहिलंय की कराटे एकट्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यासाठी नाही, गुंड अंगावर आला तर इजा टाळण्यासाठी आहे. गंमत अशी की शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून कराटे शिकवायची वाटही याच माणसाने घातली. खेळ की स्वसंरक्षण, या आपल्या भांडणाची दोन्ही टोकं एकाच घरातली आहेत.

सप्टेंबरात हॉल गणपतीसाठी गेला, तीन आठवडे खाडे. मोदक मात्र नियमित.

ऑक्टोबर. धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांतून जाड पॅड आणले आणि मूठ सोडून तळहाताच्या टाचेवर आलो. कवटी कडक असते, करंगळीमागचं हाड नाजूक, आणि मला दुसऱ्या दिवशी कीबोर्ड बडवायचा असतो. सोबत नाइहांची, म्हणजे आपली तेक्की शोदान. ओकिनावाचे कराटेगुरू चोकी मोतोबूंचा आवडता काता. आमच्या चाळीच्या गॅलरीत तो अगदी मापात बसतो. भिंतीला पाठ लावून लढण्यासाठी हा आडवा काता बनवला, ही गोष्ट मला पटत नाही. आडवं जाणं म्हणजे समोरच्याच्या बाजूला निसटणं, असं धरलं की सगळं जुळतं. एका हाताने मान आपल्याकडे, दुसऱ्या हाताचं कोपर. पॅडवर याचा आवाज ऐकून शेजारच्या काकू दोनदा बाहेर आल्या.

आता प्रत्येक सरावाचा शेवट ठरलेला आहे : एक-दोन फटके, ढकला, दाराकडे चालू पडा. पडलेल्याला मारलं तर ती फेरी हरलात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. जोडीदाराने तर पहिल्या फटक्याच्याही आधीचा भाग वाढवलाय : दोन्ही तळवे पुढे, मोठ्याने "मागे व्हा". माझा आवाज अजून निघत नाही. अठरा वर्षं किआई ओरडलो, पण "मागे व्हा" म्हणताना लाज वाटते.

ढकलण्याच्या सरावात कालचा हिशेब : दहा फेऱ्यांत चारदा ठोसा हेल्मेटला लागला, तीनदा थांबला, तीनदा हात उचललाच नाही. पुढच्या रविवारी खांद्याला भरलेली सॅक अडकवून, सोसायटीच्या जिन्यात, ती दोन पायऱ्या वर आणि मी खाली. सेक्रेटरींना विचारलंय; "आवाज कमी ठेवा" म्हणालेत.