किल्ल्यातच आहेस की!

शनिवार, रात्र

दुपारपासून आईचं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "अगं, किल्ल्यातच आहेस की! मग घरी का नाही आलीस?"

चेष्टा करत नव्हती ती. मी तिला कार्मो, इथलं पडकं मठ-चर्च, दाखवत होते. इथं लिस्बनला तीन वाजलेले, तिथं साडेआठ. मालिका सोडून तिनं फोन घेतला याचाच मला केवढा आनंद. कॅमेरा वर धरला. छप्पर नाहीच, माशाच्या काट्यासारख्या नुसत्या कमानी आणि त्यांच्यामधून आभाळ. तर ती हे म्हणाली. मी हसले. मग दादानं फोन घेतला, "रेंज नाहीये नीट" म्हणाला आणि ठेवून दिला.

मोतीबिंदूच असेल.

बाहेर पडले तर सकाळच्या पावसानं ते काळेपांढरे दगड गुळगुळीत झालेले. सपशेल आपटले. चौकातल्या एका आजीनं हात देऊन उठवलं. रडू आलं ते गुडघ्यामुळे, असं ठरवून टाकलं.

पण आईचं चुकलं काय? वसईच्या किल्ल्यातल्या कमानी गोल आणि या टोकदार, एवढंच. तिथं भिंतीत मुळं घुसलेली, पोरांचं क्रिकेट, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. इथं तिकीट आणि पहारेकरी. पहिल्यांदा आले तेव्हा मलाही ओळखीचंच वाटलं होतं. बोलले नाही कुणाजवळ. अख्खं शहर सोडून मी पडक्या भागातच रमते, हे काय सांगायचं?

आणि शहर कमी देखणं नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाला, सकाळी चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, तेव्हा भूकंप झाला. मग समुद्र आत आला, मग कित्येक दिवस आग. तेव्हाच्या पोंबाल या मंत्र्यानं खालचा भाग नव्यानं सरळ रस्त्यांचा आखला, घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे घातले. ते टिकतील का हे बघायला भोवती सैनिकांना कवायत करायला लावली म्हणे. १३८९ मध्ये पायाभरणी झालेलं कार्मोही पुन्हा बांधायला घेतलं होतं. पण १८३४ मध्ये मठच बंद झाले, काम थांबलं आणि पुढे ते तसंच ठेवलं. लोकांना मोडकंच आवडायला लागलं. याचा मला हेवा वाटतो. आमच्याकडे मोडलेल्या गोष्टीवर लगेच पत्रे पडतात.

दादाला मागे हे सांगितलं तर त्यानं हिशोब केला: वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली १७३९ ला, हे कोसळलं सोळा वर्षांनी. "चिमाजीअप्पांचा तळतळाट!" शाळेपासून असाच आहे तो. आज मात्र त्याला काही सुचलं नाही. सगळ्यात जास्त तेच खटकलं बहुधा.

त्याच चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला इथल्या हुकूमशाहीचे पंतप्रधान कायतानो बंड केलेल्या सैन्याला शरण आले, सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं. त्या वर्षाच्या शेवटी यांनी गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. गेला होता १९६१ ला. गेलेलं गेलं हे मानायला तेरा वर्षं लागली यांना. मला आठ महिन्यांत जमावं असं सगळ्यांना का वाटतं कोण जाणे.

साडेबारा झाले. म्हणजे तिथं सहा, आईचा चहा झाला असणार. न राहवून फोन केलाच.

"काल किल्ल्यात गेली होतीस ना? येताना सुकेळी आणलीस का?"

मी क्षणभर गप्प. मग म्हटलं, "नाही गं, दुकान बंद होतं."

"तुझं नेहमीचंच. उशिरा जायचं आणि दुकान बंद म्हणायचं."