तळव्यांवरचे ठिपके आणि गोचिडाचा ताप

पावसाळ्यात ताप, डोकेदुखी आणि प्लेटलेट कमी असं काही निघालं की नातेवाईकच निदान सांगून मोकळे होतात: डेंग्यू. या नऊ वर्षांच्या मुलीचंही तेच झालं होतं. पण डेंग्यू-मलेरिया दोन्ही निगेटिव्ह, सोडियम कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले, आणि बाहेर सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं घेऊनही ताप १०३ च्या खाली येईना.

तिला मुठी उघडायला लावल्या. तळहातांवर लाल ठिपके, तळपायांवरही. घोट्यांपाशी दाट, काही जांभळट पडत चाललेले. मी विचारलं, "घरी कुत्रा आहे का?"

आई नाही म्हणायच्या बेतात होती, तोवर आजी बोलून गेली, "हाय की. त्याची गोचिडं हीच काढती. नखानं चिरडती."

रिकेट्सियाचा, म्हणजे गोचिडाच्या तापाच्या जंतूचा, संशय तिथेच पक्का झाला. कानामागे, काखेत, जांघेत चावल्या जागची काळी खपली शोधली, सापडली नाही. गोचिडाच्या तापात आपल्याकडे ती बऱ्याचदा नसतेच. लॅबमध्ये स्क्रब टायफस या तशाच तापाचं किट होतं, तेही निगेटिव्ह. पण तो वेगळा जंतू, आणि माइट या बारीक किड्याच्या अळीतून येणारा. वेल-फेलिक्स पाठवली खरी, पण ती ढोबळ चाचणी, शिवाय अँटीबॉडी दिसायला बहुधा दुसरा आठवडा उजाडतो. रिपोर्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. हे जंतू बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत शिरून राहतात. सेफ्ट्रियाक्सोनचा तिथे उपयोग नाही, आणि उशीर झाला तर बोटांची टोकं काळी पडू शकतात.

यावरचं औषध डॉक्सिसायक्लिन म्हटल्यावर वडिलांनी मोबाइल पुढे केला. "सर, यानं दात पिवळे पडतात म्हणे." ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनची. थोड्या दिवसांच्या डॉक्सिनं लहान मुलांतही तसे डाग पडल्याचं दिसलेलं नाही, हे समजावण्यात बराच वेळ गेला. किलोमागे २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला आणि पोरीनं वरणभात मागितला. वेल-फेलिक्समध्ये ओएक्स-२, म्हणजे गोचिडाच्या तापात वाढणारं अँटीबॉडीचं प्रमाण, आधी १:८० होतं; दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं तेव्हा १:३२०, म्हणजे चौपट. फाइलवरचा 'संशयित' शब्द मी तरीही खोडला नाही, पक्क्या निदानाला आयएफए ही अँटीबॉडीची नेमकी चाचणी लागते. कुत्र्याला मात्र वडिलांनी तोवर गुरांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं.