तिथेही पोलीसच बसलेले असतात ना?

मी 23 वर्षं वकिली करते आहे, त्यातली बहुतेक एका तालुक्याच्या कोर्टात. पोलिसांनी मारलं, नोंद न करता दोन दिवस बसवून ठेवलं, सोडायला पैसे मागितले, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात. मी त्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करू या म्हणते. त्यावर ठरलेला प्रश्न येतो: "मॅडम, तिथे पण पोलीसच बसलेले असतात ना? मग अर्ज करून काय उपयोग?" परवा तुम्हीही हेच विचारलंत. कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धंच राहतं, म्हणून लिहायला बसले.

तुमचा संशय सोळा आणे खरा नाही, पण निराधारही नाही.

आधी हे प्राधिकरण आलं कुठून ते सांगते, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसतं. पोलिसांवर बाहेरची देखरेख हवी ही मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलेला मुख्य याचिकाकर्ता स्वतः पोलीस होता. प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक आणि सीमा सुरक्षा दलाचे प्रमुख राहिलेले. त्यांनी 1996 मध्ये याचिका केली आणि निकाल लागला 22 सप्टेंबर 2006 रोजी. न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतला एक असा, की प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावं, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असावा, आणि सरकारने त्याची निवड मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावांमधून करावी. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथे जाव्यात. आणि प्राधिकरणाची शिफारस संबंधितांवर बंधनकारक राहील, असं निकालात स्पष्ट लिहिलं आहे.

महाराष्ट्राने 2014 मध्ये 1951 चा पोलीस कायदा दुरुस्त केला आणि प्राधिकरण कायद्यात आणलं. येताना ते जरा बारीक झालं. प्रत्येक जिल्ह्याऐवजी प्रत्येक विभागाला एक प्राधिकरण आलं. सिरोंच्याच्या माणसाचा विभाग नागपूर, म्हणजे तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. शिफारस बंधनकारक असण्याऐवजी सरकारला कारणं लेखी नोंदवून अहवाल नाकारण्याची वाट ठेवली गेली. राज्य प्राधिकरणात अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती, सोबत एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक निवृत्त सनदी अधिकारी, समाजातली एक मान्यवर व्यक्ती, आणि सदस्य सचिव मात्र सेवेतला पोलीस अधिकारी.

निवृत्त पोलीस अधिकारी तिथे असण्याला माझी हरकत नाही. उलट तो हवा. स्टेशन डायरीत मागाहून घुसवलेली ओळ त्याच्या नजरेला जशी दिसते तशी माझ्याही नजरेला दिसत नाही. हरकत आहे ती ज्याची पुढची बदली आणि बढती अजून खात्याच्या हातात आहे, त्याच्याकडे कचेरीच्या किल्ल्या असण्याला. त्या अधिकाऱ्याच्या मनात खोट असेल असं मी म्हणत नाही. त्याला त्या जागी बसवणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

पण खुर्चीवर कोण बसलंय यापेक्षा मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. ती मला एका बाईने शिकवली.

चार वर्षांपूर्वी तिच्या 19 वर्षांच्या मुलाला मोबाईल चोरीच्या संशयावरून उचललं होतं. दोन रात्री ठाण्यात ठेवला, अटकेची नोंद नाही. तळपायांवर मारलं होतं, त्यामुळे घरी आला तेव्हा भिंत धरून चालत होता. बाईने कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि वरच्या एका मोठ्या कार्यालयात रजिस्टर पोस्टाने पाठवला. तिथून तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' जिल्ह्याला आला, जिल्ह्यावरून उपविभागाला, उपविभागावरून ठाण्याला. प्रत्येक ठिकाणी शिक्का आणि आवक क्रमांक. कोणीही काही बेकायदा केलं नाही. सहा महिन्यांनी तिच्या दारात मोटारसायकल थांबली. तिच्याच अर्जावर तिचा जबाब घ्यायला त्याच ठाण्याचा हवालदार आला होता. मुलगा मागच्या दाराने जाऊन कडब्याच्या गंजीआड उभा राहिला. बाईने हवालदाराला चहा केला आणि सांगितलं, "माझं काही म्हणणं नाही." अंगठा दिला. महिन्याने पत्र आलं: तक्रारीत तथ्य आढळून येत नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

ते पत्र घेऊन ती माझ्याकडे आली आणि तिने मला एकच विचारलं: "मी अर्ज त्यांच्याविरुद्ध केला होता ना? मग तो त्यांच्याकडेच कसा गेला?"

म्हणून मी म्हणते, प्राधिकरण स्वतंत्र आहे की नाही हे त्याच्या पाटीवरच्या नावांवरून ठरवू नका. अर्ज कोणाच्या हातून फिरतो आणि जबाब लिहायला दारात कोण येतं, ते बघा. 2006 चा निकाल देणाऱ्यांना हे कळलेलं होतं. गावोगाव जाऊन चौकशी करायला प्राधिकरणाला स्वतःची माणसं लागतील, त्यासाठी गुन्हे अन्वेषण, गुप्तवार्ता, दक्षता अशा विभागांतले निवृत्त तपासनीस घेता येतील, हे निकालातच आहे. याच वाक्याची सगळ्यात कमी चर्चा होते. न्यायमूर्ती कितीही निःस्पृह असोत, त्यांच्यासमोर येणारा कागद ठाण्यातच लिहिला गेला असेल तर ते त्या कागदापलीकडे कसे जाणार? सांगलीचं 2017 चं प्रकरण आठवा. कोठडीतल्या तरुणाचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघड झालं. त्याआधी ठाण्यातून सांगितलं जात होतं की आरोपी पळून गेला. पहिली हकीकत ठाणं लिहितं, आणि ती खोडायला बाहेरचा माणूस लवकर पोचावा लागतो.

हे जमतं का? उत्तर आयर्लंडमध्ये जमवलंय. तिथे पोलिसांवरचा विश्वास पार मोडला होता. 2000 साली पोलीस लोकपाल कार्यालय सुरू झालं, आणि त्याचे स्वतःचे तपासनीस आहेत, त्यांना तपासासाठी पोलिसांसारखे अधिकार आहेत. लोकांच्या तक्रारी पोलिसांकडे परत पाठवून त्यांनाच चौकशी करायला लावण्याची पद्धत तिथे बंद झाली. न्यूयॉर्कचं उदाहरण मात्र उलटं. 1993 पासून तिथल्या तक्रार मंडळात सगळे नागरिक आहेत, स्वतःचे तपासनीसही आहेत, पण शिक्षा द्यायची की नाही याचा शेवटचा शब्द पोलीस आयुक्तांचाच.

आपल्याकडे ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या समित्यांचीही हीच गत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 डिसेंबर 2020 च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलं. जिल्हा समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख. म्हणजे लोकांनी निवडलेला माणूस एकच. आणि 2022 पासून कितीतरी काळ आपल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. ती एक खुर्चीसुद्धा अधिकाऱ्याकडेच गेली.

आता एक घरातली गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय मी हे इतक्या पोटतिडकीने का बोलते ते कळणार नाही. माझे वडील पोलीस हवालदार होते. मी पोलीस लाईनीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढले. बंदोबस्तावरून 20 तासांनी परत आलेला माणूस बूट काढताना कसा दिसतो, ते मला माहीत आहे. त्यांच्यावर एकदा पैसे घेतल्याची तक्रार झाली. खातेनिहाय चौकशी तीन वर्षं चालली आणि ते निर्दोष सुटले. आईने पेढे आणले. किराणा दुकानदार पेढा हातात घेऊन म्हणाला, "बरं झालं, साहेबांनी सांभाळून घेतलं." त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला खरोखरच तसं वाटत होतं. वडिलांनी तो आदेश ट्रंकेत ठेवला आणि पुन्हा कधी कोणाला दाखवला नाही. बाहेरच्या कोणी चौकशी करून तेच लिहून दिलं असतं, तर त्यांनी तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला असता. त्या दुकानदाराला आणि कडब्याआडच्या त्या मुलाला, दोघांनाही पटेल असा कागद आपल्या व्यवस्थेत आज कोणी देऊ शकत नाही, हे माझं दुखणं आहे.

मग अर्ज करायचा की नाही? करायचाच. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते समन्स काढू शकतं, डायरी आणि चित्रण मागवू शकतं. पण वेळ घालवू नका. पहिल्या आठवड्यातच ठाण्यातलं चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या, जखमांचे फोटो तारखेसह ठेवा. पोच नसलेला अर्ज केला नसल्यातच जमा. प्राधिकरणात दाद लागली नाही, तर उच्च न्यायालयात जाताना हीच कागदपत्रं कामी येतात.

त्या बाईचा नवा अर्ज मी लिहिला. तेव्हापासून प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी एक परिच्छेद घालते: 'सदर अर्जाची चौकशी संबंधित पोलीस ठाण्याकडे अथवा जिल्हा पोलीस दलाकडे वर्ग करण्यात येऊ नये. अर्जदाराचा जबाब प्राधिकरणाने स्वतः नोंदवावा.' तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ते शेवटचं परत वाचा." मी परत वाचलं. मग तिने अंगठा पुढे केला.