पाठचा भाऊ गेल्यावर

माणूस गेला की भेटायला येणारे काय काय बोलतात ते ज्याच्या घरी झालंय त्यालाच माहीत. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात", "रडू नका, त्याचा जीव अडकतो", "आत्मा अमर आहे हो". मनात कुणाच्याच वाईट नसतं, मला कुणाचा रागही नाही, पण माझा पाठचा भाऊ गेला तेव्हा, वय चौतीस, रात्री छातीत कळ आली आणि गाडी सासवडला पोचेपर्यंत सगळं संपलेलं, तेव्हा यातलं एकही वाक्य माझ्या आत शिरलं नाही. दहाव्याला कऱ्हेच्या काठावर प्रवचन ठेवलेलं, आमच्याकडं तशी पद्धतच आहे, एकीकडं सगळे पिंडाला कावळा कधी शिवतोय याची वाट बघतायत आणि दुसरीकडं महाराज देह नश्वर आहे असं समजावून सांगतायत, आणि मी तिथं बसून मनात म्हणत होते की नश्वर आहे ते कळतंय महाराज, पण तो माझ्या पाठचा होता, त्याचं मी काय करू.

त्यात आमचं घर माळकऱ्यांचं. आजोबांपासूनची वारी, धाकटा सोपानकाकांच्या पालखीत पखवाज घेऊन चालायचा. त्यामुळं लोकांना वाटायचं की आम्ही तरी खचणार नाही. एक बाई आईला म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या पांडुरंगाच्या, तुम्हीच असं केल्यावर कसं व्हायचं." आई काही बोलली नाही. मला मात्र ते फार लागलं, कारण श्रद्धा असेल तर रडू येता कामा नये हे आमच्या संतांनी कुठंच सांगितलेलं नाही, उलट त्यांनी जे लिहून ठेवलंय ते वाचलं तर कुणी असं म्हणणार नाही.

माऊलींनी आळंदीला समाधी घेतली ती कार्तिक वद्य त्रयोदशीला, शके 1218, म्हणजे इ.स. 1296. नामदेव महाराज तिथं होते आणि त्या दिवसाचे त्यांचे अभंग आहेत. लहानपणापासून कीर्तनात कितीदा ऐकले असतील, पण निवृत्तीनाथांकडं माझं लक्ष कधी गेलंच नव्हतं. निवृत्तीनाथ म्हणजे थोरला भाऊ, आणि नुसता भाऊ नाही, माऊलींचा गुरू. ज्यानं ज्ञान दिलं तो माणूस. आणि नामदेव महाराज दाखवतात की तोच सगळ्यात जास्त कोसळलाय. बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ उडून जावं तसं आमचं झालं म्हणतो. आईबाप आम्हाला सोडून गेले तेव्हासुद्धा असं संकट वाटलं नव्हतं म्हणतो. पुढं महिन्याभरात सोपानकाकांनी सासवडला समाधी घेतली, मग मुक्ताई तापीच्या काठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, म्हणजे धाकटी तिन्ही भावंडं या माणसाच्या देखत गेली, वय असेल पंचविशीच्या आसपास, आणि त्यानंतर त्यानं त्र्यंबकेश्वरला समाधी घेतली. हे सगळं मला पाठ होतं, शाळेतल्या धड्यासारखं. भाऊ गेल्यावर पहिल्यांदा ते मला एका घराची गोष्ट म्हणून कळलं. आत्मा अमर आहे हे निवृत्तीनाथांना कुणी सांगायची गरज होती का? तरी ते रडले, नामदेव महाराजांनी ते झाकलं नाही, आणि सातशेवर वर्षं आपण ते टाळ वाजवून गातोय. त्या रात्री मी पोटभर रडले, आणि देवासमोर बसून रडले, सुतकामुळं पूजा बंद होती तरी.

आता पखवाजाचं सांगते. सुतकात पूजा बंद असली तरी भजनाला बंदी नसते, त्यामुळं गावातलं भजनी मंडळ रोज संध्याकाळी आमच्या पडवीत हरिपाठाला यायचं. पखवाज कुणी आणायचं नाही, नुसते टाळ, म्हणजे धाकट्याच्या जागेवर कुणी बसायला धजायचं नाही. एके दिवशी मंडळातले तात्या, ज्यांनी त्याला वाजवायला शिकवलेलं, ते उठले, खुंटीवरची त्याची खोळ काढली आणि पखवाज मांडीवर घेऊन आत बघून म्हणाले, "वहिनी, कणीक." पखवाजाच्या डाव्या बाजूला, धुमेला, ओल्या कणकेचा गोळा लावावा लागतो, नाहीतर तो घुमत नाही, आणि आमच्या घरी तो गोळा कायम आईच मळून द्यायची, धाकटा तर चपात्या चालू असतानाच येऊन तिच्या परातीतून तोडून न्यायचा. आई तोपर्यंत भिंतीला टेकून बसलेली असायची, चहासुद्धा कुणीतरी हातात द्यायचं. ती उठली. डब्यातलं मूठभर पीठ घेतलं, पाण्याचा हात लावला, बराच वेळ मळलं, मीठ घालायचं नाही हे स्वतःशीच बोलली, आणि तो गोळा बाहेर नेऊन तात्यांच्या हातावर ठेवला. तात्यांनी धुमेवर थापला, अंगठ्यानं कडा दाबल्या, एक थाप मारली, आणि घरभर तो आवाज गेला. तात्याही रडत होते आणि वाजवत होते. आई दारातच बसली आणि हरिपाठ म्हणायला लागली, शेवटपर्यंत म्हणाली.

मला नाही वाटत तेव्हा तिचं मन त्यात होतं. माझं तर नव्हतंच, तोंडानं अभंग आणि डोक्यात दवाखाना. पण नंतर तुकोबांचं आठवलं. ते तर आमच्यापेक्षा कितीतरी भोगलेले, 1630 च्या आसपासच्या त्या मोठ्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. त्यानंतर काय केलं ते त्यांनी स्वतःच सांगितलंय, देवाचं देऊळ मोडलेलं होतं ते नीट करावंसं वाटलं, आणि मग एकादशीला कीर्तन करायला लागलो, "नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं". एवढा मोठा माणूस सांगतोय की सुरुवातीला चित्त नव्हतं! मला या ओळीनं जेवढा आधार दिला तेवढा कुठल्या उपदेशानं दिला नाही. म्हणजे आधी मन शांत होणार आणि मग मी देवाकडं जाणार असं नाहीये, आधी भिंतीला माती लावायची, कणीक मळायची, टाळ हातात घ्यायचे, मन यायचं तेव्हा येईल. आमचं यायला बरेच महिने लागले. अजूनही रोज येतंच असं नाही.

त्याच वर्षी कार्तिकात आळंदीला गेले. त्रयोदशीला नामदेव महाराजांच्या वंशजांचं, नामदास महाराजांचं समाधीचं कीर्तन असतं, बारा वाजता घंटानाद होतो, फुलं उधळतात. गर्दीत आत जाता आलं नाही, बाहेरच उभी होते, पण आजूबाजूची म्हातारी माणसं, फेटेवाले शेतकरी, हुंदके देऊन रडत होती, जणू आज सकाळीच घरातलं कुणी गेलंय. माझ्याकडं कुणी वळून बघितलं नाही की हिला काय झालं. इतक्या लोकांत इतकं मोकळं रडायला मला दुसरीकडं कुठं मिळालं असतं?

आणि आषाढात आईला घेऊन बंधुभेट बघायला गेले. पंढरपूरच्या अलीकडं टप्पा म्हणतात त्या ठिकाणी माऊलींची आणि सोपानकाकांची पालखी भेटते, दोन्हीकडून नारळ देतात, आणि पुढं वाखरीला निवृत्तीनाथांची, मुक्ताईची अशा सगळ्या पालख्या जमतात. चौघं भावंडं चार गावांत समाधिस्थ, पण दरवर्षी वाटेवर एकत्र येतात, आणि आपली माणसंच त्यांना खांद्यावर आणि रथात घालून आणतात. आई सोपानकाकांच्या रथामागच्या पखवाजवाल्यांकडं बघत राहिली. मला म्हणाली, "चांगलं वाजवतोय गं तो पोरगा, पण कणीक कमी लावलीय."

भावजय मात्र यातल्या कशात नाही. ती हरिपाठाला बसत नाही, दिवेलागणीला मुलीचा अभ्यास घेत आत असते. मध्ये एकदा मला स्पष्टच म्हणाली, "ताई, मी विठ्ठलाशी बोलत नाही." आईनं ऐकलं. मला भीती वाटली की आता आई तिला समजावत बसणार. आई म्हणाली, "नको बोलूस. मनात असलं तर शिव्या घाल. जनाबाईनं कारट्या म्हणलंय त्याला. त्यानं ऐकून घेतलंय."