तुम्ही विचारलंत म्हणून: खोल्यांच्या भाड्यातून हप्ता निघतो का?

ओळखीतलं कुणी पुण्यात दुसरा फ्लॅट घ्यायचं ठरवायला लागलं की मला फोन येतो. कर्वेनगरमधला आमचा टू बीएचके मी कुटुंबाला न देता मुलींना कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका कॉटचं वेगळं भाडं घेऊन देते, हे बहुतेकांना माहीत आहे. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की प्रश्न येतो: ‘खोल्या वेगवेगळ्या दिल्यावर भाड्यातून हप्ता निघतो ना?’

बँक देईल तेवढं पूर्ण कर्ज काढलं असेल, तर नाही निघत. हे मी लगेच सांगते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तोवर टोकन द्यायची तयारी केलेली असते.

आकडे घेऊन बोलू. समजा फ्लॅट ७० लाखांचा आहे. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळतं, म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या ८० टक्क्यांच्या हिशेबात धरत नाहीत, तोही आपल्याच खिशातून जातो. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे. घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. सहा टक्क्यांनी ४ लाख २० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. कॉट, गाद्या, कपाटं, फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर आणि वायरिंगचं थोडं काम यात दोन लाख सहज जातात. म्हणजे साडेवीस लाख रोख आणि ५६ लाख कर्ज. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता बसतो सुमारे ४८,६०० रुपये.

आता भाडं. असा फ्लॅट कुटुंबाला २४ हजारांनी जातो असं धरा. वर्षातला एक महिना रिकामा राहण्यात किंवा दलालीत जातो. मेंटेनन्स, मिळकतकर, किरकोळ दुरुस्ती वजा केली की महिन्याला १६,७०० च्या आसपास हातात राहतात. तोच फ्लॅट दोन खोल्यांत चार मुली, प्रत्येकी ९,५०० असा दिला तर कागदावर ३८ हजार दिसतात. पण बारा महिने चारही कॉट भरलेल्या नसतात. परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये मुली गावी जातात, काहीजणी कायमच्या. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत नवीन मुली येत नाहीत. वर्षाचे अठ्ठेचाळीस कॉट-महिने होतात, त्यातले बेचाळीस भरले असं मी धरते. मग भाडं सरासरी ३३,२५० वर येतं. त्यातून मेंटेनन्स, सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल घेतात ते), कर, वायफाय, साफसफाईच्या मावशींचा पगार, सामानाची झीज, रिकाम्या कॉटच्या वाट्याची वीज असे ९,६०० वजा करा. हातात येतात साधारण २३,६५०.

हप्ता ४८,६००, हातात २३,६५०. दरमहा पंचवीस हजार पगारातून घालायचे, तेही पहिल्या महिन्यापासून. भाड्यातून पूर्ण हप्ता निघायला हवा असेल तर याच दराने कर्ज २७ लाखांच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे ७० लाखांच्या घरात आपले ४३ लाख, वर मुद्रांक आणि सामान धरून जवळपास पन्नास लाख रोख. ज्यांच्याकडे जुनी जमीन विकून किंवा निवृत्तीचे असे पैसे आलेले असतात, त्यांचा हिशेब जुळतो. बाकीच्यांनी डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढायचा विचारही करू नये. त्याचा दर कितीतरी जास्त आणि मुदत लहान, त्यामुळे पहिली काही वर्षं दोन हप्ते एकदम बसतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते याच आकड्यांत आहे. कुटुंबाला देऊन १६,७००, मुलींना देऊन २३,६५०. फरक सात हजारांचा. हे सात हजार फ्लॅटने मिळवलेले नाहीत, ते माझ्या कामाचे आहेत. दर महिन्याला वेगवेगळ्या तारखांना येणारं भाडं बघणं, गिझर बंद पडला की त्याच दिवशी माणूस पाठवणं, नवीन मुलगी आणि तिच्या आईवडिलांना खोली दाखवणं, करार, पोलिसांकडची माहिती, सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणं, हे सगळं त्यात आलं. म्हणून कर्ज किती झेपेल हे ठरवताना कुटुंबाचं भाडं धरा, ते सात हजार धरू नका. उद्या आजारपण आलं, बदली झाली, तर फ्लॅट एका कुटुंबाला देऊन टाकता आला पाहिजे आणि तरीही हप्ता थकता कामा नये.

व्याजदराचाही विचार इथेच करावा लागतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बदलत्या दराची बहुतेक गृहकर्जं त्यामागोमाग चढली. ५६ लाखांच्या कर्जावर सात टक्के आणि साडेनऊ टक्के यांतला फरक वीस वर्षांच्या हिशेबाने महिन्याला जवळपास नऊ हजारांचा होतो, म्हणजे माझ्या सगळ्या धावपळीचे सात हजार त्यात बुडून वर दोन हजार. अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला निवडू द्या. ते पत्र आलं तर ड्रॉवरमध्ये टाकू नका, उत्तर द्या. आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो. दिवाळीचा बोनस मी सरळ मुद्दलात टाकते.

आयकराबद्दल थोडक्यात. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर वजा होतो, मग उरलेल्याचे ३० टक्के सरसकट वजा होतात, मग कर्जाचं व्याज. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी कागदावर दोन लाखांच्या आसपास तोटा दिसतो. जुन्या करपद्धतीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या करपद्धतीत येत नाही. ‘टॅक्स वाचेल’ म्हणून घर घेणाऱ्यांनी आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते आधी बघावं. जेवण, साफसफाई, सामान असं सगळं एका रकमेत देऊ लागलं की ते घराचं उत्पन्न की व्यवसायाचं, असा प्रश्नही उभा राहतो. त्यासाठी सीएची फी द्यावी, ती वाया जात नाही. जीएसटीची भीती मात्र आमच्यासारख्यांना नको: माणशी महिना वीस हजारांपर्यंतचं आणि सलग किमान नव्वद दिवसांचं राहणं जुलै २०२४ पासून करमुक्त आहे.

करार प्रत्येकीशी वेगळा करावा, आणि त्यात कोणती खोली, कोणती कॉट, स्वयंपाकघर व हॉल सामायिक, हे लिहावं. चौघींचा मिळून एक करार केला तर एक सोडून गेली की सगळा कागद नव्याने करावा लागतो आणि तिच्या वाट्याचं भाडं कोणी द्यायचं यावरून उरलेल्या तिघींच्या मैत्रीत वितुष्ट येतं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी आता घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होते. पालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का; आमच्या भाड्याला तीनशेच्या आत बसतो. एवढ्या खर्चासाठी ‘ओळखीची मुलगी आहे, कागद कशाला’ म्हणणारे लोक मी बघते तेव्हा मला खरंच काळजी वाटते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाला दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडं मागता येतं. मला तो मुलीच्या बाजूनेही हवा असतो. तिच्याकडे पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा राहतो आणि डिपॉझिटची रक्कम छापील असते.

डिपॉझिट मी दोन महिन्यांच्या वर घेत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही राहत्या घरासाठी हीच मर्यादा आहे. ते पैसे वेगळ्या बचत खात्यात राहतात आणि हप्ता कितीही अडला तरी त्यांना हात लागत नाही. लातूर, बीड, जळगावकडून आलेल्या मुलींच्या घरी एकोणीस हजार ही साधी रक्कम नसते. कुणाच्या वडिलांनी सोयाबीन विकून ती दिलेली असते. खोली सोडताना रंगाच्या नावाखाली ती गिळणारे मालक पुण्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांकडे संशयाने बघितलं जातं.

सोसायटीचं काय, असं लगेच विचारतात. फ्लॅट बघायला जाल तेव्हाच सेक्रेटरींना भेटा आणि सरळ सांगा की चार नोकरदार किंवा शिकणाऱ्या मुली राहतील. खरेदीखत झाल्यावर भांडत बसण्यापेक्षा आधीच नकार कळलेला बरा. बिनभोगवटा शुल्क २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही. ते बिनतक्रार भरावं, आणि कोणी जास्त मागितलं तर आदेशाची प्रत दाखवावी. पुणे महापालिकेची मिळकतकरात स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्के सवलत मात्र भाड्याने दिल्यावर जाते. जुना मालक स्वतः राहत असेल तर त्याचं कराचं बिल बघून हिशेब करू नका.

आता रोजचं. लोक विचारतात व्याजाबद्दल, पण खोल्या चालतात किंवा मोडतात त्या पाण्यावर, बाथरूमवर आणि फ्रिजवर. चार मुलींना सकाळी सात ते नऊ या वेळेत निघायचं असतं, म्हणून दोन बाथरूम नसतील तर चौथी कॉट टाकू नका, तिघींवर थांबा. फ्रिजचे कप्पे आणि मांडणीचे खण मी नावानिशी वाटून दिलेत; दुधाच्या पिशवीवरून होणारी भांडणं तिथेच संपली. रात्रपाळीची नोकरी असलेली मुलगी आणि परीक्षा देणारी मुलगी एका खोलीत ठेवत नाही. विजेचं बिल फोटोसकट चौघींना पाठवून समान भाग करते. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतात. चौघींचं मिळून एक मीटर असल्यामुळे पुढचा टप्पा पटकन येतो, हे खोली दाखवतानाच सांगितलं की नंतर कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून पाचवी-सहावी कॉट बसवायचा सल्ला मला दलालांनी दिला आहे. मी तो ऐकणार नाही. आग लागली तर बाहेर पडायची वाट त्याच हॉलमधून आहे.

आणि गॅस गिझर. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावलेला फ्लॅट मिळाला तर ताबा घेतल्याच्या दिवशी तो काढून टाका. ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध पडलेलं बाहेरच्यांना कळत नाही. अशा घटनांच्या बातम्या थंडीत येत राहतात. विजेचा साठवणीचा गिझर, चांगलं अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच या तीन गोष्टींवर मी एक रुपयाही वाचवत नाही. दुसऱ्यांच्या लेकी आपल्या भरवशावर झोपतात त्या घरात. त्यांच्या आया मला रात्री दहालाही फोन करतात, ‘काकू, ती फोन उचलत नाही, जरा बघता का?’ मी चप्पल घालते आणि जाऊन बघते. दहा मिनिटांचं अंतर आहे म्हणून ते जमतं.

त्यामुळे कुठे घ्यावा याचं माझं उत्तर भावावर ठरत नाही. स्वतः कोथरूडला राहून शहराच्या दुसऱ्या टोकाला वाघोलीत स्वस्त मिळतो म्हणून फ्लॅट घेतला, तर सांभाळायला माणूस ठेवावा लागेल आणि ते सात हजार त्याच्या पगारालाही पुरणार नाहीत. कर्वेनगरात मला मुली मिळतात कारण मुलींचं कमिन्स कॉलेज तिथेच आहे आणि डब्याच्या मेस गल्लोगल्ली आहेत. तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरात असं कॉलेज, रुग्णालय किंवा कंपन्यांचा भाग आहे का ते आधी शोधा. नसेल तर फ्लॅट कुटुंबाला द्या, निवांत झोपा.

शोधून सापडला तर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी आठला तिथे जाऊन नळ सोडून बघा आणि सोसायटीकडून मागच्या उन्हाळ्याचं टँकरचं बिल मागा. ते बिल, कराची पावती आणि बँकेचं मंजुरीपत्र घेऊन माझ्याकडे या. रविवारी सकाळी मी घरी असते. आपण दोघं बसून तुमचे आकडे मांडू.